सुपीरियरच्या उत्तरेला : कॅरिबूच्या मागावर

दिवस पहिला : मिसिसागा ते सू सेंट मरी

आई जूनमध्ये सोलापूरहून माझ्याकडे कॅनडाला आली. दुसऱ्याच आठवड्यात पार्किंगच्या मशीनपाशी तिने माझ्या हातातलं पंचवीस सेंटचं नाणं घेतलं, चष्मा वर करून निरखलं आणि विचारलं, "अगं, हे शिंगाळं हरिण राहतं कुठे?"

1937 पासून या नाण्यावर कॅरिबूचं तोंड आहे. माझं पोटापाण्याचं काम नकाशांचं, त्यामुळे 'राहतं कुठे' हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा. कॅरिबूच्या बाबतीत तर तो गेली काही वर्षं डोक्यात घोळतोय. घरी नकाशा उघडून आईला पाच मिनिटांत उत्तर देता आलं असतं. पण निखिल म्हणाला, "आईंना नकाशा कशाला, रस्ताच दाखवू." ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याला जोडून सुट्टी टाकली.

पहाटे साडेचारला निघालो. मागच्या सीटवर आई, शेजारी कडक भाकऱ्यांचा डबा आणि शेंगाचटणीची बरणी. सातशे किलोमीटरचा पल्ला.

कॅरिबू म्हटलं की टुंड्रावरचे हजारोंचे कळप डोळ्यांसमोर येतात. रेनडिअर आणि कॅरिबू ही एकच प्रजात, पण आम्ही ज्याच्या मागावर होतो तो रानातला. पाच-दहांच्या टोळक्याने राहतो, वर्षभर त्याच जंगलात वावरतो, माणसाचा वारा लागला तरी निघून जातो. एकोणिसाव्या शतकात आमच्या या ऑन्टॅरिओ प्रांतात त्याची दक्षिण हद्द साधारण निपिसिंग सरोवराच्या आसपास होती. आमचं दुपारचं जेवण सडबरीजवळ एका बाकावर झालं, म्हणजे जुन्या हद्दीच्या आत. आज तिथे कॅरिबूचा मागमूस नाही. 1880 ते 1990 या काळात ऑन्टॅरिओतला त्याचा निम्मा मुलूख गेला. हद्द दर दहा वर्षांना सरासरी 34 किलोमीटर उत्तरेला सरकली. म्हणजे शंभर वर्षांत 340 किलोमीटर. गाडीला तेवढं अंतर कापायला चार तास पुरतात.

आई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "इथं एवढं रान आहे की. मग गेलं कशाला?"

दिवस दुसरा : वावाकडे

सू सोडलं आणि तासाभरात सरोवर दिसायला लागलं. लेक सुपीरियर म्हणजे विदर्भाहून थोडंसंच लहान गोडं पाणी. आईने दोनदा खात्री करून घेतली की पाणी खारट नाही, आणि एका थांब्यावर खाली उतरून ओंजळभर पिऊनही बघितलं.

आजच्या रस्त्यावर बघण्यासारखी गोष्ट म्हणजे झाडं बदलत जातात ती. सकाळी दोन्ही बाजूंना मेपल होते, रुंद पानांचे, आपल्या डोळ्याला ओळखीचे वाटणारे. अगावाच्या पुढे चढ-उतार सुरू झाले आणि मेपल फक्त टेकड्यांच्या खांद्यावर उरले. मग तेही सरले. स्प्रूस आणि फर यांचे काळपट सुळके सुरू झाले, मधूनमधून बर्चची पांढरी खोडं. इथून पुढे बोरिअल जंगल. नकाशावर ही सीमा आपण एका रेघेने काढतो, पण प्रत्यक्षात ती शंभरेक किलोमीटर रेंगाळत जाते. मेपल उत्तरेला कुठवर जाणार हे ठरवणारी थंडीच कॅरिबूची हद्द ठरवते, असं मला पूर्वी वाटायचं. ते चूक आहे. कॅरिबूला मेपलची थंडी-ऊब बाधत नाही. मेपलच्या रानात जे हरिण येतं, ते बाधतं. त्याबद्दल पुढे.

संध्याकाळी वावात पोहोचलो. गावाच्या तोंडाशी भलाथोरला हंस उभा केलाय, त्याच्यापाशी फोटो झाले. रात्री मोटेलमध्ये मी आईला मिशिपिकोटन बेटाची गोष्ट सांगितली, कारण ते बेट इथून नैऋत्येला, सरोवरात आहे.

मुख्य भूमीवरून कॅरिबू संपत आले तेव्हा 1980 च्या दशकात मोजके कॅरिबू याच सरोवरातल्या स्लेट बेटांवरून उचलून मिशिपिकोटनवर नेऊन सोडले. तिथे लांडगे नव्हते. वाढत वाढत ते शेकड्यांत गेले. मग 2013-14 चा हिवाळा आला. त्या वर्षी सुपीरियरचा 90 टक्क्यांहून जास्त भाग गोठला. बर्फावरून चालत लांडगे बेटावर आले. चार वर्षांत शेकड्यांवरून गाडी बोटांवर मोजण्याइतक्यांवर आली. मिशिपिकोटन फर्स्ट नेशनच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी लोकांनी पाठपुरावा केला, आणि 2018 च्या जानेवारीत उरलेल्यांतले काही हेलिकॉप्टरने उचलून पुन्हा स्लेट बेटांवर नेले. जिथून आणले होते तिथेच.

"म्हणजे लेकी माहेरी आणल्या," आई म्हणाली.

दिवस तिसरा : पुकास्क्वा

वावा ते मॅरेथॉन. रस्ता सरोवर सोडून आत शिरतो, आणि दोन तास फक्त स्प्रूस, दलदल, तळी, पुन्हा स्प्रूस. आईला डुलकी लागली. मॅरेथॉनच्या अलीकडे डावीकडे वळून, बीगटिगॉन्ग निशनाबेग लोकांच्या वस्तीवरून पुकास्क्वा राष्ट्रीय उद्यानात पोहोचलो. हॅटी कोव्हला तंबू ठोकला.

पुकास्क्वा मला अस्वस्थ करतं. 1878 चौरस किलोमीटर, म्हणजे तीन मुंबया बसतील एवढं. आत कुऱ्हाड लागत नाही, खाण नाही, रस्ता असा जवळपास नाहीच. 1970 च्या दशकात इथे तीसेक कॅरिबू होते. किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत राहायचे, विणीच्या वेळी माद्या खडकाळ टोकांवर आणि समोरच्या बेटांवर जायच्या. लांडगा दिसला की पाण्यात उडी. कॅरिबूचे केस आतून पोकळ असतात, त्यामुळे तो पाण्यात छान तरंगतो. उद्यान झालं, संरक्षण मिळालं, आणि तरीही कॅरिबू कमी होत होत दिसेनासेच झाले. आता इथे ते उरलेले नाहीत असंच धरलं जातं.

मुंबईच्या तिप्पट जागा एका जनावराला पुरत नाही, हे पटायला जड जातं. पण उद्यानाची सीमा लांडग्याला आणि मूसला, म्हणजे इथल्या घोड्याएवढ्या हरणाला, ठाऊक नसते. सीमेबाहेर जंगल तुटलं, तिथे कोवळा पाला फुटला, मूस वाढले, मूसपाठोपाठ लांडगे वाढले, आणि ते फिरत फिरत आत आले. शिवाय उत्तरेच्या कॅरिबूंशी इथल्यांचा संबंध तुटला होता. चार मेले तर चार नवे येणार कुठून?

रात्री आठ-नऊ अंशांपर्यंत उतरलं. ऑगस्टमध्ये. सरोवराचा गारवा किनाऱ्याला असा चिकटून असतो. त्या गारव्यामुळेच इथल्या खडकांवर बटरवर्टसारखी, एरवी फार उत्तरेला आढळणारी चिमुकली झाडं हिमयुगाच्या शेवटापासून तग धरून आहेत. आईने दोन स्वेटर आणि वर माझी शाल घेतली.

दिवस चौथा : दगडफूल

सकाळी चहानंतर खडकांवर फिरायला गेलो. निखिल पुढे पांढऱ्या नदीवरच्या झुलत्या पुलाकडे गेला, येऊन-जाऊन अठरा किलोमीटर. आईचे गुडघे आणि मी हॅटी कोव्हपाशीच थांबलो.

ग्रॅनाइटच्या उतारावर, जिथे माती जेमतेम बोटभर, तिथे फिकट हिरवट-पांढऱ्या रंगाचा गालिचा होता. लांबून बघितलं तर कुणीतरी फ्लॉवरचे तुरे अंथरलेत असं वाटावं. आई वाकली, मग चक्क मांडी घालून बसली. एक झुबका हलकेच चिमटीत धरला, उपटला नाही. नाकाशी नेला.

"दगडफूल आहे हे!"

मी पुढे काही बोलायच्या आत तिने स्वतःच दुरुस्ती केली. "आपलं चपटं असतं, काळं-पांढरं. हे झुडपागत आहे. पण जात तीच."

तिचं बरोबर होतं. गोड्या मसाल्यात आपण जे दगडफूल तळून घालतो ते लायकेन, आणि हेही लायकेन, क्लॅडोनिया. बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. त्याला मूळ नाही. माती नको, खत नको. हवा, धुकं, पाऊस यांच्यावर भागवतं. हिवाळ्यात रानातल्या कॅरिबूचं मुख्य अन्न हे. यात प्रथिनं नावालाच, पिष्टमय भाग भरपूर. मूस किंवा हरिण यावर हिवाळा काढू शकत नाही. कॅरिबूच्या पोटातले जंतू ते पचवतात, म्हणून तो काढतो.

आईच्या बोटाखाली तो झुबका कुरकुरत होता. चार दिवस पाऊस नव्हता. मी बाटलीतलं थोडं पाणी त्यावर शिंपडलं. मिनिटभरात तो मऊ झाला, स्पंजासारखा, रंगही उजळला. कोरडा असताना त्यावर पाय पडला तर चुरा होतो. आणि वाढ वर्षाला फक्त काही मिलिमीटर. तळहाताएवढा उंच गालिचा म्हणजे अर्ध्या शतकाची कमाई. वणवा लागला किंवा रान तुटलं, की कॅरिबूला चरता येईल एवढं लायकेन परत यायला चाळीस-पन्नास वर्षं सहज लागतात, कधी जास्तही.

हिवाळ्यात हे सगळं बर्फाखाली जातं. कॅरिबू नाकाने बर्फाखालचा वास घेतो आणि पुढच्या खुरांनी खड्डा खणतो. 'कॅरिबू' हा शब्दच मिकमॉ या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या 'बर्फ उकरणारा' अशा अर्थाच्या शब्दावरून आलाय. त्याचा खूर रुंद, कडा धारदार, हिवाळ्यात तळव्याचा मऊ भाग आत जातो आणि कडा फावड्यासारखी पुढे येते. एक खड्डा खणायला बरीच ताकद जाते, म्हणून आयत्या खड्ड्यावरून मारामाऱ्या होतात. बहुतेक माद्यांनाही शिंगं असतात, हरणांच्या कुळात हे फक्त इथेच. नरांची शिंगं हिवाळा सुरू होता होता गळून जातात; गाभण मादीची वसंतापर्यंत टिकतात. खड्डा तिच्या ताब्यात राहतो.

हवामानाचा खरा दणका इथे बसतो. भुसभुशीत बर्फ बराच असला तरी तो उकरता येतो. पण भर हिवाळ्यात पाऊस पडला आणि रात्री गोठला, की बर्फावर काचेसारखा थर बसतो. खाली अन्न आहे, वास येतोय, आणि खूर लागत नाही. पूर्वी असं क्वचित व्हायचं. सरासरी तापमान एक-दोन अंशांनी वाढलं असं आपण वाचतो, तेव्हा मला जानेवारीतला तो पाऊस दिसतो.

आई तिथे तासभर बसून होती. उठताना म्हणाली, "चिमूटभर नेलं असतं, पण नको. पन्नास वर्षं लागतात म्हणालीस ना."

दिवस पाचवा : स्लेट बेटं

टेरेस बेहून सकाळी सातला होडी. सरोवर शांत असेल तरच नेतात. दोन दिवस वाट बघायची तयारी होती, पण नशिबाने पहिल्याच दिवशी पाणी तव्यासारखं. बेटं किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर. साधारण 45 कोटी वर्षांपूर्वी इथे उल्का आदळली, त्या खड्ड्याच्या मधला उंचवटा म्हणजे ही बेटं. खडकांत त्या आघाताच्या शंकूसारख्या रेघा उमटल्यात. पॅटरसन बेटावर उतरल्यावर नावाड्याने हात लावून दाखवल्या.

क्षेत्रफळ सगळं मिळून फक्त 36 चौरस किलोमीटर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅरिबू बर्फावरून चालत इथे आले. लांडगे नव्हते, अस्वलं नव्हती, मूस नव्हते. टॉम बर्गेरुड या संशोधकाने 1970 च्या दशकापासून कित्येक वर्षं इथे मोजणी केली. शेकड्यांनी कॅरिबू असायचे. मुख्य भूमीवर एका कॅरिबूला सोळा-सतरा चौरस किलोमीटर लागतात असं धरलं, तर इथे एका चौरस किलोमीटरात चार-चार, सहा-सहा. आणि गंमत म्हणजे इथे जमिनीवर लायकेनचे गालिचे फारसे नाहीतच. झाडांवरून लोंबणारं लायकेन आणि उन्हाळ्यात पाला यांवर ते जगले. खाणं कमी पडून काही हिवाळ्यांत खूप मेलेसुद्धा, पण पुन्हा भरून निघाले.

ही बेटं बघितल्यापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. कॅरिबू दक्षिणेत राहू शकत नाही, असं नाही. हवा चालते, चारा चालतो. फक्त त्याच्या मागे कुणी लागलेलं नको. कॅरिबू गरीब रान निवडतो ते गरिबीच्या हौसेने नव्हे. जिथे मूसला खायला मिळत नाही तिथे मूस नाहीत, मूस नाहीत तिथे लांडगे विरळ, आणि लांडगे विरळ तिथे याचं एकुलतं एक पाडस वाचतं. मूसला जुळी होतात. कॅरिबूला वर्षाला एकच.

2014 च्या त्याच बर्फावरून लांडगे इथेही आले. आज बेट शांत होतं. आम्हाला एका जुन्या वाटेवर मॉसमध्ये रुतलेलं तुटकं शिंग दिसलं, कडेने हिरवं पडलेलं, उंदरांनी कुरतडलेलं. कुठल्या सालचं कोण जाणे. आईने त्यावरून बोट फिरवलं. पुन्हा होतं तसं ठेवलं.

परतताना मी बर्फाचा विचार करत होते. 1970 च्या दशकापासून या सरोवरांवरचा बर्फ एकंदरीत कमी होत चाललाय. बर्फ नाही म्हणजे लांडगे येणार नाहीत, हे बरंच. पण बर्फ नाही म्हणजे नवा कॅरिबूही येणार नाही. शंभर वर्षांपूर्वी हे इथे आले तेसुद्धा बर्फाच्याच पुलावरून. मग मूठभर कॅरिबूंनी आपसातच किती पिढ्या काढायच्या? याचं उत्तर माणसाला हेलिकॉप्टरने द्यावं लागतं, आणि ते दरवेळी द्यावं लागेल.

दिवस सहावा : निपिगॉनवरून थंडर बे

दिवसभर पाऊस. रॉसपोर्टला चहा, निपिगॉनचा पूल, मग थंडर बे. वाटेत विमेट दरीपाशी पाऊस थोडा उघडला म्हणून काठावरून डोकावलो. शंभर मीटर खोल, आणि तळाशी इतका गारठा साचतो की आर्क्टिकमधली शेवाळं-झाडं तिथे वाढतात. थंडर बेला धुणं धुतलं, पेट्रोलची टाकी भरली, वरण-भात लावला.

दिवस सातवा : 527 नंबरचा रस्ता

थंडर बेहून उत्तरेला आर्मस्ट्राँगपर्यंत 240 किलोमीटरचा एकच रस्ता जातो. पुढे संपतो. मला या सगळ्या प्रवासात हाच रस्ता बघायचा होता, कारण कॅरिबूची आजची दक्षिण हद्द याच्यावरून आडवी जाते.

पहिल्या तासाभरात दोन मूस दिसले. एक मादी रस्त्याकडेच्या डबक्यात गुडघाभर पाण्यात उभी राहून पाणवनस्पती ओढत होती, शेजारी दोन पिल्लं. आई खूश. निखिलने गाडी हळू केली. दोन्ही बाजूंना कोवळं रान होतं, पॉप्लर आणि बर्च पुरुषभर उंच, सगळे एकाच वयाचे. आपल्याकडे जंगलखातं ज्याला 'कूप' म्हणतं, तसे एकामागून एक तोडलेले कूप. काही ताजे, नुसत्या खुंटांचे, काही दहा वर्षांचे, काही वीस. मूसच्या दृष्टीने हे ताट वाढून ठेवलेलं.

दक्षिणेकडून पांढऱ्या शेपटीची हरणंही याच रस्त्याने वर सरकतात. त्यांना खोल बर्फ झेपत नाही. अर्ध्या मीटरच्या वर गेला की ती अडकतात. हिवाळे सौम्य झाले, की तेवढी वर येतात. त्यांच्या मेंदूच्या आवरणात एक बारीक जंत राहतो. हरणाला तो काही करत नाही. विष्ठेतून गोगलगायीत, गोगलगायीतून पाल्याबरोबर दुसऱ्याच्या पोटात. कॅरिबूच्या पोटात गेला तर मज्जासंस्था पोखरतो, जनावर गोल गोल फिरतं आणि मरतं. मेपलच्या रानातलं हरिण बाधतं म्हणाले होते, ते हे.

इथे आईने पहिल्या दिवशीचा प्रश्न पुन्हा काढला. "पण रान तोडलं तरी पुन्हा वाढतंय की. हिरवंगार आहे."

हिरवंगार आहे, आणि तिथेच घोळ आहे. वणव्यानेही रान जातं. बोरिअल जंगल वणव्यावरच पोसलेलं आहे. जॅक पाइनची बोंडं तर आगीच्या धगीनेच उघडतात. पूर्वी एक तुकडा जळाला की कॅरिबू पन्नास किलोमीटर पलीकडच्या जुन्या तुकड्यात जायचे, आणि त्यांच्या नातवंडांच्या काळात इकडे परतायचे. पण वणवा रस्ता मागे ठेवत नाही. तोड ठेवते. लांडगा रस्त्यावरून जंगलापेक्षा भराभर चालतो, जास्त मुलूख पालथा घालतो. शिवाय वणवेही आता तोडीच्या वर येऊन पडतात. 2023 मध्ये कॅनडात दीड कोटी हेक्टरच्या आसपास रान जळालं. पलीकडचा जुना तुकडा शिल्लकच राहिला नाही, तर जायचं कुठे?

2012 मध्ये संघराज्य सरकारने रानातल्या कॅरिबूचा आराखडा काढला. देशभर 51 टापू आखले. एखाद्या टापूतलं किमान 65 टक्के रान अबाधित असेल, तर तिथला कळप स्वतःच्या बळावर टिकण्याची शक्यता 60 टक्के, असा हिशेब. रस्ता किंवा तोड यांच्या भोवतीचं 500 मीटर रानही बाधित धरायचं. त्या वेळी 51 पैकी फक्त 14 टापू स्वतःच्या बळावर टिकणारे निघाले. 60 टक्के म्हणजे काय हे मला कागदावर कळतं, पण लेकराच्या आजारपणात डॉक्टरने हा आकडा सांगितला तर आपण त्याला 'किमान पुरेसं' म्हणू का?

आणखी एक आकडा. ऑन्टॅरिओतल्या अभ्यासात दिसलं, की ताज्या तोडीपासून तेरा किलोमीटरच्या आतले कॅरिबू नाहीसे होतात. पण लगेच नाही. साधारण वीस वर्षांनी. कॅरिबू दहा-पंधरा वर्षं जगतो. ज्या माद्या तिथे आहेत त्या राहतात, पाडसं होतात, पाडसं मरतात, आणि एक दिवस म्हाताऱ्या माद्याही संपतात. या वीस वर्षांत नकाशावर 'कॅरिबू आहेत' असा रंग असतो. तो रंग मीही भरलाय. म्हणून हे वीस वर्षांचं अंतर मला सगळ्यात जास्त छळतं.

आई बराच वेळ गप्प होती. मग नान्नजचा विषय निघाला. तिच्या लहानपणी आजोबा सायकलवर पुढे बसवून तिला माळढोक दाखवायला न्यायचे. "माळाला सगळे पडीक म्हणायचे," ती म्हणाली. "पडीक होता म्हणून तर पक्षी होता."

आर्मस्ट्राँग जवळ आलं तसे कूप विरळ झाले. वाळूचे सपाट पट्टे लागले, त्यांवर जॅक पाइन, एकेकटे उभे, आणि त्यांच्या तळाशी लांबच्या लांब ते फिकट दगडफूल. ऊन तिरपं आलं होतं. निखिलने न सांगता गाडी थांबवली. एकही हिरवं झुडूप नाही, पाखराचा आवाज नाही. मूसला इथे तोंड लावायलाही काही नाही.

दिवस आठवा : लिटल कॅरिबू लेक

आर्मस्ट्राँगच्या थोडं उत्तरेला लिटल कॅरिबू नावाचं तळं आहे, तिथून वाबाकिमी उद्यानाकडे जाता येतं. वाबाकिमी 8,900 चौरस किलोमीटर, आपल्या सांगली जिल्ह्याहून जरा मोठं. 1997 मध्ये ते वाढवून एवढं केलं, आणि त्यामागच्या मुख्य कारणांपैकी एक कॅरिबू. पुकास्क्वाच्या जवळपास पाचपट. इथे कॅरिबू आहेत.

गावातल्या एका वयस्कर अनिशिनाबे गृहस्थांनी त्यांच्या मोटरबोटीने न्यायचं कबूल केलं. कॅरिबूला त्यांच्या भाषेत 'अदिक'. निघतानाच त्यांनी सांगून टाकलं की दिसण्याची खात्री नाही, आणि बेटांच्या फार जवळ जायचं नाही. मे-जूनमध्ये माद्या विणीला एकेकट्या होतात. कळप करून राहिल्या तर लांडग्याला एका जागी सगळं सापडेल. म्हणून एक या बेटावर, दुसरी त्या दलदलीत, तिसरी पलीकडच्या टोकावर. ऑगस्टमध्येही काही पाडसं घेऊन पाण्याजवळच असतात. बेटावर वारा असतो, चिलटं कमी लागतात.

तासभर गेलो. लून पक्ष्यांची जोडी, एक टकला गरुड. दहाच्या सुमाराला त्यांनी इंजिन बंद केलं आणि वल्ह्याने बोट एका वाळूच्या पट्टीला लावली. बेट नव्हतं, तळ्यात घुसलेलं एक अरुंद टोक. त्यांनी खाली बघितलं आणि हाताने आम्हाला थांबवलं.

ओल्या वाळूत ठसे होते. मूसचा ठसा काल रस्त्याकडेला बघितला होता, लांबट, पुढे टोकदार. हा गोल. दोन चंद्रकोरी समोरासमोर ठेवाव्यात तशा, मध्ये मोठी फट, आणि मागे उपखुरांची दोन छोटी टिंबं. आईने शेजारी हात टेकवला. ठसा तिच्या तळव्याहून रुंद होता. पाण्यातून बाहेर येऊन तो माग वाळूवरून तिरका जात स्प्रूसमध्ये शिरत होता. त्याच्या डाव्या बाजूने दुसरा माग, तसाच गोल, पण माझ्या मुठीएवढा. मध्येच तो छोटा माग गोंधळलेला, एका जागी तीन-चार वेळा उमटलेला, आणि मग लांब लांब उड्यांनी मोठ्या मागाला जाऊन मिळालेला.

मोठ्या ठशांत तळाशी पाणी झिरपत होतं. अजून भरलं नव्हतं. कडा धारदार होत्या.

आम्ही कुणी बोललो नाही. स्प्रूसच्या सावलीत काहीही हलत नव्हतं. त्या गृहस्थांनी पाचच मिनिटं थांबू दिलं. मग वल्ह्यानेच बोट मागे घेतली, आणि टोक पुरतं नजरेआड झाल्यावर इंजिन लावलं.

दिवस नववा : परत

सकाळी आर्मस्ट्राँगमधून निघालो. घर अजून दोन दिवसांच्या अंतरावर. पाइनचे सपाट पट्टे मागे पडले, कूप सुरू झाले. लाकडाचे दोन भरलेले ट्रक आमच्यापुढे दक्षिणेला चालले होते.

थंडर बेच्या अलीकडे फोनला रेंज आली तसा आईने सोलापूरला मावशीला फोन लावला. बराच वेळ भाकऱ्या पुरल्या का, थंडी किती, हे झालं. मग तिचा आवाज उतरला, मंदिरात बोलतात तसा.

"नाही गं, दिसलं नाही. पण होतं. आमच्या जरा आधीच गेलं असणार. आई होती आणि लेकरू होतं. खुरात पाणी अजून झिरपत होतं, बघ."